सड्याखालचा राब

माझ्या माहेरच्या गावाला समित्यांना उत्तरं द्यायची पक्की सवय झालेली आहे. धूरमुक्त गावाची समिती यायची होती तेव्हा घरोघरच्या बायकांनी चुली सारवून त्यांवर पाट ठेवले, पाटांवर धुतलेली भांडी मांडली, आणि समितीची गाडी वेशीबाहेर पडल्यावर त्याच चुलींवर उरलेल्या चहाचं पातेलं पुन्हा चढलं. स्वच्छतेच्या समितीचं असंच. विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते ओळखायचं आणि सगळ्यांनी मिळून तेच सांगायचं, की वेशीवर एक पाटी लागते. आमच्या वेशीवर अशा पाट्यांची दाटी आहे. मला त्याचा कधी राग आला नव्हता, उलट मौजच वाटायची.

मी रिह्याच्या खोऱ्यातली आणि दिलेली नेऱ्यात. सासरच्या भातखाचरांवर आता खोल्या उभ्या आहेत. त्यांत हिंजवडीला कामाला जाणारी मुलंमुली राहतात. कुणाचा नळ गळतो, कुणाची गाडी कुणाच्या गाडीला आडवी लागते, ही माझी रोजची भानगड. शेतीशी माझा संबंध तेवढाच उरला, म्हणून माहेरी गेले की घरात शिरायच्या आधी मी दादाच्या खाचरात जाऊन उभी राहायची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या घरचा आंबेमोहर त्याने टिकवला होता. त्याचं बी कधी दुकानातून आलं नाही. दर वर्षी त्याच खाचरातली चांगली लोंबी बाजूला काढायची, कणगीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची आणि पुढल्या वर्षी तिथंच पेरायची, असं आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. तो भात शिजायला लागला की वास रस्त्यापर्यंत जायचा आणि येणारा-जाणारा विचारायचा, आज पाहुणे आलेत का.

गावाच्या डोक्यावरच्या सपाट डोंगरमाथ्याला आम्ही सडा म्हणतो. तिथं पूर्वी धनगरांची मेंढरं चरायची आणि त्यांच्या लेंड्यांची पोती दादाच्या शेतात यायची. एका उन्हाळ्यात सड्यावर मोजणीवाले दिसू लागले. मग कळलं, कंपनी येतेय. उन्हाची वीज करायची, त्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, तो टँकरने ताम्हिणी उतरून कोकणात बंदरावर न्यायचा, आणि तिथून जहाजाने परदेशी. तिकडच्या पोलादाच्या भट्ट्या म्हणे यावर चालणार, आणि धूर औषधालासुद्धा नाही. गावाने त्याचं नाव लगेच ठेवलं, पाण्याचा ग्यास.

ग्रामसभेला मी योगायोगाने तिथंच होते. कंपनीचा साहेब तरुण होता, मऊ बोलणारा, खरंच ऐकून घेणारा. त्याने रोजगाराचं सांगितलं, रस्त्याचं सांगितलं, आपल्या तालुक्याचं नाव जगाच्या नकाशावर येईल असं सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "इथं उघड्यावर काही पेटवता का तुम्ही? शेतात, घराबाहेर, कुठंही?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पाट्या मिळवलेलं गाव ते. दादा उठून उभा राहिला. भाषण करायला तो कधी उभा राहत नाही, पण त्या दिवशी उभा राहिला.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "आमच्या गावात समद्यांकडं ग्यास हाय. हितं कुनी काडीसुदिक वढत न्हाई."

टाळ्या पडल्या. साहेबाने हसून मान डोलावली आणि शेजारच्या माणसाला ते ठरावात लिहून घ्यायला सांगितलं. दादा खाली बसला तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लग्नात सत्कार झाल्यावर व्हायच्या तशा.

दादा खोटारडा नाही. त्याची एकुलती एक मुलगी, माझी भाची, तेव्हा पुण्यात केमिकलचा डिप्लोमा करत होती. घरापासून हाकेच्या अंतरावर तिच्या शिक्षणाची कंपनी येतेय, ही गोष्ट त्याला रोज नव्याने आनंद द्यायची. साहेबाला गाव मागासलेलं वाटलं तर तो दुसरं गाव बघेल, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि राब त्याला त्या क्षणी आठवलाच नाही. आठवेल कसा? रोज जेवतो ते कुणी मोजून सांगतं का?

राब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं रोप जिथं करायचं तो खाचराचा तुकडा आमच्याकडे उन्हाळ्यात भाजून काढतात. खाली शेण आणि लेंड्या पसरायच्या, वर ऐन-किंजळाच्या झाडांचे टहाळे, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, गवत आणि सगळ्यांवर चाळल्यासारखी बारीक माती. मग वारा पडला की एका कोपऱ्यातून पेटवायचं, म्हणजे भडका न होता ते आतल्या आत धुमसत सरकत जातं. तणाचं बी जळतं, माती काळी आणि भुसभुशीत होते. त्या मातीत पेरलेलं रोप दाट आणि हिरवंगार येतं. लहानपणी आम्ही राबाच्या कडेला रताळी पुरायचो आणि तोंड काळं करून घरी यायचो.

कंपनी आली. खरं ते सांगायला हवं, आधी सगळं छानच झालं. रस्ता रुंद झाला, खांबांवर दिवे आले. सड्यावर सोलरच्या काचांची शेतं उभी राहिली आणि मधोमध पांढरी टाकी. बांधकामाला आलेल्या बिहारच्या, ओडिशाच्या माणसांसाठी गावात लोकांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या. मला फोन करकरून विचारायचे, अनामत किती घ्यायची, वीज वेगळी लावायची का. मी भाडेकऱ्यांच्या बाबतीत मुरलेली बाई, मी फक्त एवढंच विचारलं, की बांधकाम संपल्यावर या खोल्यांत कोण राहणार? माझं बोलणं कुणाला आवडलं नाही. बांधकाम संपलं, माणसं गेली, आणि त्या खोल्यांत आता कोंबड्या आणि पेंढा आहे.

भाचीला मात्र नोकरी लागली, सेफ्टीच्या विभागात. पहिल्या दिवशी ती हेल्मेट घालून ओट्यावर उभी राहिली आणि दादाने तिला तशीच चुलत्यांकडे, मावशीकडे, देवळात नेऊन आणलं. मीही रडले त्या दिवशी. आमच्या घरात पगाराची नोकरी करणारी ती पहिलीच पोर. गावातल्या बाकीच्यांना मिळाली ती वॉचमनची आणि काचा पुसायची कामं, पण माझं तेव्हा तिकडे लक्ष नव्हतं.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर नियम आला. सड्यापासून गावाखालच्या ओढ्यापर्यंतच्या पट्ट्यात उघड्यावर काहीही पेटवायचं नाही. हायड्रोजन कुठून गळेल सांगता येत नाही, त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही, तेव्हा ठिणगी नको. ग्रामसभेतच गावाने सांगितलं होतं की इथं कुणी पेटवत नाही, त्यामुळे त्रास कुणालाच होणार नव्हता. दादाची सगळी खाचरं ओढ्याच्या अलीकडे. पलीकडची जमीन कधीच विकली गेलेली, तिथं पुण्यातल्या लोकांची फार्महाउसं, आणि ती माणसं आपल्या हिरवळीजवळ धूर होऊ देतील हे स्वप्नातसुद्धा नको.

त्या वर्षी दादाच्या शेजाऱ्याने जुन्या सवयीने राब पेटवला. टाकीजवळच्या मनोऱ्यावर धूर पाहणारा कॅमेरा आहे. गाडी आली, पाण्याचा फवारा मारला, राबाचा चिखल झाला. त्याचा मुलगा कंपनीत वॉचमन होता, त्याला दुसऱ्या दिवशीपासून येऊ नको म्हणून सांगितलं. कामगाराच्या घरच्यांनीच नियम मोडला तर कामगार कशाला ठेवायचा, असा त्यांचा हिशेब. तेव्हापासून ओढ्याच्या अलीकडे कुणी काडी ओढली नाही.

कृषी खात्याचा माणूस येऊन सांगून गेला, माती उंच करून गादीवाफा करा, न भाजताही रोप येतं. तो चुकीचं सांगत नव्हता. कंपनीने वाटलेल्या पिशवीतल्या बियाणाचं, खत घातल्यावर, बऱ्याच जणांचं रोप आलंही. दादाने निम्मं बी कणगीत राखलं आणि निम्मं न भाजलेल्या वाफ्यात पेरलं. आमच्या आंबेमोहराला ती माती मानवली नाही. आधी तण उठलं, आणि तणातून कुठे कुठे पिवळी काडी. वहिनी आणि तो रोज वाफ्यात वाकून बसायचे, तण उपटायचे, आणि तणाबरोबर रोपही उपटून यायचं. मोठ्या पावसात उरलेलं कुजून गेलं. त्या वर्षी खाचरात पिशवीतलं भात लावलं. आमच्या घरी पहिल्यांदाच बिनवासाचा भात शिजला.

पुढचं वर्ष म्हणजे शेवटची संधी होती. भाताचं बी आमच्या दमट हवेत फार दिवस जिवंत राहत नाही. कणगीतलं निम्मं बी आता जुनं झालं होतं, आणखी एक पावसाळा गेला की ते नुसतं धान्य. दादा सरपंचाकडे गेला, कंपनीच्या साहेबाकडे गेला. पहिला मऊ बोलणारा साहेब बदलून गेला होता. नवीन साहेबाने सांगितलं, तुमच्याच गावाने लिहून दिलंय की इथं पेटवत नाहीत. दादा तसाच परत आला. टाळ्या त्यानेच घेतल्या होत्या.

मी म्हटलं, माझ्याकडे नेऱ्यात कर. म्हटलं खरं, आणि घरी येऊन मागच्या मोकळ्या जागेत उभी राहिले. तिथं सिमेंटचा कोबा, त्यावर गाड्या, वर दोऱ्यांवर भाडेकऱ्यांचे कपडे. घराच्या बाजूला मातीचा पट्टा आहे तो एवढासा, कढीपत्त्याच्या झाडापुरता. माझ्या नवऱ्याने विचारलं, "काय बघतेस?" दादाला फोन करायलाच मला दोन-चार दिवस धीर झाला नाही.

होळीनंतर मी गेले तर दादा खाचरात होता. त्याने राब रचला होता. लेंड्या आता मिळत नाहीत, धनगर सड्यावरून कधीच उठून गेले, म्हणून घरच्या दोन म्हशींचं शेण जपून साठवलेलं. टहाळे कुठून आणले देव जाणे. माती पसरून कडा हाताने थोपटून अगदी देखणा केला होता. असा राब मी लहानपणापासून पाहिला नव्हता. वहिनी बांधावर तोंडाला पदर लावून बसली होती.

"पेटवणार?" मी विचारलं.

"व्हय. वारा पडू दे."

भाची कामावरून आली ती थेट खाचरातच. अंगावर कंपनीचा पिवळा शर्ट. तिने राब पाहिला आणि चप्पल काढून बांधावर बसली.

"आबा, कॅमेऱ्यावर आज मीच हाय," ती म्हणाली. ती पुण्यात शिकली, पण बापाशी गावचंच बोलते. "आत्ता जेवायला म्हनून आलेय. धूर दिसला की नोंद मला करावी लागती. न्हाई केली तर ते मागचं काढून बघत्यात."

"मग कर की नोंद."

"आन् मग?"

दादा उकिडवा बसून मातीत बोट फिरवत होता. "दुसरीकडं न्हाई का मिळायची नोकरी?"

"कुटं? माझ्या वर्गातल्या पोरी कॉल सेंटरला हायेत, आबा."

मला दोघांचाही राग आला. त्याहून जास्त त्या पांढऱ्या टाकीचा आला, जी वर शांतपणे उभी होती. मी दादाला म्हणाले, पेटव, बघून घेऊ. वहिनी पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली, "तुमचं काय जातंय वन्सं? तुमचं घर भाड्यावर चालतंय." ती खरं बोलली.

वारा पडला. खोऱ्यात नेहमी पडतो तसा, पानही हलेना. पेटवायची हीच वेळ. दादाने खिशातली काड्यापेटी काढली, हातात उलटसुलट केली आणि पोरीकडे पाहिलं. ती टाकीकडे बघत होती, त्याच्याकडे नव्हे. मग त्याने काड्यापेटी वहिनीच्या पदरात टाकली, उठला आणि पायानेच राबाची माती विस्कटायला लागला. टहाळे ओढून बांधावर टाकले. भाची त्याला मदत करायला उठली तर म्हणाला, "तू जा, उशीर व्हईल तुला." ती गेली. आम्ही दोघींनी त्याच्याबरोबर तो राब मोडला. रचायला त्याला किती दिवस लागले असतील माहीत नाही, मोडायला काही वेळ लागला नाही.

पाऊस लागला, लावण्या झाल्या, पुन्हा पिशवीतलं भात. श्रावणातल्या एका रविवारी दादाचा फोन आला, जेवायला या. गेले तर घरात तोच वास. जुना तांदूळ असल्यामुळे उतरलेला, पण तोच. मला कळायला क्षणभर लागला. दादाने कणगी रिकामी करून बी गिरणीत नेऊन भरडून आणलं होतं.

"किडं लागत व्हतं," तो म्हणाला. "किड्यांनी खाल्लं काय आन् आपन खाल्लं काय."

वहिनीने वरण-भात वाढला, वर तूप. भाचीही होती, सुट्टी होती तिला. दादाने पहिला घास घेतला, हळूहळू चावला आणि म्हणाला, "मोकळा झालाय चांगला." मी आयुष्यात अन्न टाकलं नाही, म्हणून पाण्याबरोबर गिळलं. भाची मात्र जेवली. पुन्हा मागून घेऊन जेवली. मला तिचं नवल वाटलं आणि खोटं कशाला सांगू, चीडही आली. बापाचं सगळं गेलं आणि हिला भूक लागते.

जेवणं झाल्यावर मागच्या दारी मी भांडी घासायला बसले तशी ती येऊन शेजारी बसली. राख घेतली, तांब्या घेतला, घासायला लागली. घासून लख्ख झाला तरी घासतच होती.

"आत्या, कुणाला सांगणार नसशील तर एक सांगू?"

"सांग."

"टाकी रिकामी आहे."

मला कळलं नाही. ती खालच्या आवाजात सांगत राहिली. सुरुवातीला चाचणीपुरता हायड्रोजन काढला होता, तेवढाच. परदेशातल्या ज्या कंपनीला तो घ्यायचा होता तिने करार पुढे ढकलला. त्यांना तो महाग पडतो, तिकडची भट्टीच अजून बांधली नाही म्हणे. गेल्या दिवाळीपासून इथं काहीच काढलेलं नाही. टँकर उभे आहेत. टाकीत हायड्रोजन ठेवण्यापेक्षा ती धुऊन नायट्रोजन भरून ठेवलाय.

"नायट्रोजन म्हणजे?"

"साधी हवा असते ना, तिच्यातला. त्याला आग लागत नाही, आत्या. पेटवलं तरी लागत नाही."

"दिवाळीपासून?" मी विचारलं. "म्हणजे होळीला दादाने राब रचला तेव्हा?"

तिने मान हलवली.

मी हातातली कढई खाली ठेवली. त्या खरकट्या हाताने तिच्या थोबाडीत मारावं असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. "आणि तू बांधावर बसून बघत राहिलीस?"

"आत्या, सांगितलं असतं तर आबांनी पेटवला असता. नियम तर तोच आहे ना, टाकी भरलेली असो नाहीतर रिकामी. कॅमेरा चालू आहे. माझी नोकरी गेली असती." तिचा आवाज फुटला. "आणि आम्हाला सक्त ताकीद आहे. बाहेर कळलं की कंपनी बंद पडतेय, तर निम्मी माणसं लगेच कमी करतील. मी सगळ्यात नवीन. मी आठ तास बसून रिकाम्या टाकीला राखते. रोज. कुणाला सांगू?"

तिचं काय चुकलं ते मला नीट सांगता येईना, आणि चुकलं नाही असंही म्हणवेना. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तर हाताची राख तिच्या केसांना लागली. जेवताना तिने पुन्हा भात का मागून घेतला हे मला तेव्हा कळलं. बापाने वाढलेलं ताटात टाकून उठायची तिची हिंमत नव्हती.

तेवढ्यात दादा पान जुळवत मागच्या दारात आला. आम्हा दोघींना तसं बसलेलं पाहून त्याला वाटलं असावं, की राबावरूनच पोर रडतेय. तो उंबऱ्यावर बसला. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून शोधत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"काय गं," तो शेवटी म्हणाला, "तुमचा ग्यास जातुया न्हवं आता भाईर? त्या परदेशात?"

भाचीने तांब्या पालथा घातला. डोळे पुसले, केसांवरची राख झटकली.

"जातो की, आबा. लई जातो. परवाच एक जहाज भरून गेलं."

"भट्ट्या पेटल्या म्हना की त्यांच्या."

"व्हय. पेटल्या."

"मग झालं," दादा म्हणाला, आणि खरोखरच त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. "मग आपलं वाया न्हाई गेलं."